उरलेलं अर्धं वाक्य

सौदीतल्या अल खफजीच्या कॅम्पमध्ये सहा वर्षं माझ्या खोलीत राहिलेले गृहस्थ रंगाचे इन्स्पेक्टर होते. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर लोखंडी खांबांना आणि पाइपांना जो रंग मारतात, त्याची जाडी मोजायची, खारं पाणी कुठून आत शिरतंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. मी प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारा टेक्निशियन. ते वसईचे, ख्रिस्ती, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी सात वर्षं सेमिनरीत शिकले होते आणि शेवटचं वर्ष राहिलं असताना बाहेर पडले होते. कॅम्पमधले केरळी, बिहारी, पाकिस्तानी सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

सेमिनरी सुटली, पण तिथे शिकलेलं लॅटिन सुटलं नाही. ड्युटीवरून आले, अंघोळ केली, चहा झाला की मास्तर लॅपटॉप उघडून बसत. पहिले काही महिने मला वाटायचं की ते प्रार्थना वाचतात. तिथे उघडपणे प्रार्थना करायची सोय नव्हती, त्यामुळे मी विचारतही नसे. एका शुक्रवारी त्यांनी आपण होऊन मला बोलावलं.

"इकडे ये. हे रंग बघ."

स्क्रीनवर मला न कळणारी भाषा होती. मधले मधले शब्द लाल, निळे, हिरवे केलेले होते. काही पानांवर रंगीत शब्दच जास्त आणि काळे कमी.

"हे काय आहे?"

"भाषण आहे. एका बादशहासमोर केलेलं. सतराशे वर्षं झाली असतील. करणाऱ्याचं नावसुद्धा राहिलेलं नाही."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, आणि मास्तरांचं सांगणं असं असायचं की पाइपफिटरलाही कळावं. रोमन साम्राज्य उतरणीला लागलं तेव्हा आजच्या फ्रान्सच्या भागात पोरांना बोलायला शिकवणाऱ्या शाळा होत्या. तिथले मास्तर बादशहाच्या वाढदिवसाला, विजयाला, नगराच्या उत्सवाला त्याच्या स्तुतीची भाषणं करायचे. त्या भाषणांमध्ये ते आपल्या आधी तीनचारशे वर्षं होऊन गेलेल्या मोठ्या कवीचे आणि मोठ्या वक्त्याचे शब्द उचलून घालत. कुणाचे, ते सांगत नसत. लाल म्हणजे कवीचे शब्द, निळे म्हणजे वक्त्याचे आणि हिरवे म्हणजे आपल्याच आधीच्या एखाद्या भाषणातले.

"म्हणजे चोरीच की," मी म्हटलं.

मास्तर हसले. "दोनशे वर्षं मोठे मोठे पंडित हेच म्हणत आले. म्हणे, यांच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून जुन्या कापडाची ठिगळं लावत बसले. पण चोर काय करतो? मालावरची खूण पुसतो. यांनी खूण पुसलीच नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाने शाळेत तोच कवी पाठ केलेला होता. दोन शब्द ऐकले की पुढचे चार मनात येणारच. मग हे लपवायचं कुणापासून?"

त्यांना यावर मराठीत पुस्तक लिहायचं होतं. कुणासाठी, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वाचणारा एक निघाला तरी पुष्कळ." सेमिनरी का सोडली हेही मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "प्रवचन द्यायला उभा राहिलो की दुसऱ्यांची वाक्यं आठवायची. स्वतःचं एकही सुचायचं नाही." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

माझं घर दाभोळच्या खाडीकाठी. बाबा होड्या बांधायचे. सागाच्या आणि फणसाच्या फळ्या तासायच्या, सांध्यांत कापूस ठोकून भरायचा, उन्हात महिनामहिना एकाच होडीभोवती फिरायचं. खाडीवरचे मच्छीमार, त्यांत बरेच मुसलमान, बाबांकडूनच होडी करून घेत. फायबरच्या होड्या आल्यावर काम कमी झालं, पण बाबांनी होड्या बांधायचं आवार मोडलं नाही. दुरुस्त्या करत राहिले. घरी आई आणि माझी धाकटी बहीण. बहिणीचं लग्न गावातच झालं, ती अंगणवाडीत काम करते, त्यामुळे रोज एकदा तरी आईबाबांकडे तिची फेरी असायची.

बाबांना लिहिण्याचा कंटाळा. बहिणीने त्यांना फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवलं आणि तेव्हापासून दर शुक्रवारी त्यांचा निरोप यायचा. अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट. "आज फणसाची फळी कापली. सरळ निघाली." किंवा "तुझ्याकडे ऊन फार. डोक्याला फडकं बांधत जा, ती टोपी काय कामाची नाही." मी ऐकायचो आणि अंगठा पाठवायचो. कधी "बरं" म्हणून लिहायचो. मी उलटा निरोप बोलून पाठवला असेल तो हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या वेळा.

ते गेले त्या सकाळी मी साइटवर होतो. बहिणीचा फोन आला. रडत नव्हती. "दादा, बाबा गेले. आवारातच. रंधा हातात होता." मी फोरमनला सांगितलं, तो मला गाडीत घालून ऑफिसात घेऊन गेला.

माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपलेला होता. आमच्या ठेकेदार कंपनीने तो दोन महिन्यांपूर्वीच नवा करायला हवा होता आणि केला नव्हता. एकट्या माझाच नाही, आमच्यापैकी तीसचाळीस जणांचा. इकामा चालू नसेल तर देश सोडून परत यायचा व्हिसा निघत नाही. खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, दोन ठिकाणी फोन केले. मग म्हणाला, "बुकरा." म्हणजे उद्या. तिथे राहिलेल्या कुणालाही त्या उद्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बाबांना नेताना बहिणीने व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता. रेंज जात-येत होती. मला लोकांच्या पाठी दिसल्या, एकदा आवाराचा पत्रा दिसला, आणि मग चित्र थांबलं ते थांबलंच. अग्नी चुलतभावाने दिला. मी त्या वेळी खोलीत कॉटवर बसून होतो, बुटांसकट. मास्तर त्या दिवशी ड्युटीवर गेलेच नाहीत. माझे बूट त्यांनी काढले.

तेराव्याला गावातले होडीवाले येणार होते. चुलतभावाचा फोन आला की जेवणं झाल्यावर सगळे बाबांबद्दल दोन शब्द बोलणार आहेत, तर तूही फोनवरून बोल, आम्ही स्पीकर लावू. मी हो म्हणून बसलो. मी बोलणारा माणूस नाही. त्यात मुलगा असून अग्नी द्यायला पोचलो नाही, अशा माणसाने त्या लोकांसमोर काय बोलायचं?

मी कागद घेऊन बसलो. "माझे वडील फार कष्टाळू होते" असं लिहिलं आणि खोडलं. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"तुझ्या वडिलांचे निरोप ठेवलेत तू?"

"सगळे आहेत."

"मग तू लिहू नकोस. त्यांनाच बोलू दे."

आणि त्यांनी मला त्या कवितांबद्दल सांगितलं. त्याच उतरत्या काळात काही लोक याच्याही पुढे गेले होते. जुन्या कवीच्या अर्ध्याअर्ध्या ओळी घ्यायच्या आणि एकमेकींना जोडून अख्खी नवी कविता करायची, आपला एकही शब्द घालायचा नाही. लॅटिनमध्ये त्याला जे नाव आहे त्याचा अर्थच ठिगळांचं पांघरूण. कुणी तशी लग्नाची कविता केली. एका बाईने तर त्या जुन्या, वेगळे देव मानणाऱ्या कवीच्या ओळी जोडून ख्रिस्ताची गोष्ट सांगितली. हे सांगताना मास्तरांचा आवाज हळू झाला. "विचार कर. तिच्या देवाचं नावही माहीत नसलेल्या माणसाचे शब्द. आणि तरी तिला त्यातच बोलावंसं वाटलं, कारण लहानपणापासून तीच भाषा तिच्या तोंडात होती."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा सुटल्यासारखं वाटलं.

पुढचे काही दिवस दुपारी शिफ्ट संपली की आम्ही दोघं खोलीत दार लावून बसायचो आणि बाबांचा आवाज ऐकायचो. सलग इतके निरोप मी कधीच ऐकले नव्हते. एकेकटा निरोप ऐकताना जे लक्षात आलं नव्हतं ते आता यायला लागलं. पहिल्या वर्षीचे बाबा भरभर बोलायचे. शेवटच्या वर्षी वाक्यावाक्याला थांबायचे, मध्येच श्वास घ्यायचे, आणि मागे घणाचा किंवा करवतीचा आवाज नसायचा. मास्तर वाक्यं वहीत उतरवून घेत. समोर तारीख, आणि पेन्सिलीने एक बारीक खूण. "होडी पाण्यात ढकलली की ती त्यांची झाली, आपण मागे उभं राहायचं." "पहिल्या दिवशी पाणी आत येतंच, घाबरायचं नाही, लाकूड फुगलं की सांधा आपोआप बंद होतो." "माणसाने मापं दोनदा घेतली तर काय बिघडलं?"

ही वाक्यं आम्ही पुढेमागे लावली. कुठलं आधी, कुठलं नंतर, यावर मास्तर तासभर वाद घालत. माझ्या दुःखात मला एक काम मिळालं होतं आणि त्यात, लाज वाटते सांगायला, थोडा आनंदही होता.

शेवटी काय घ्यायचं ते मीच ठरवलं. आदल्या गणपतीच्या आधीचा एक निरोप होता. त्यात बाबा म्हणत होते, "तुझं तिकडे बरं चाललंय, त्यात आम्ही भरून पावलो." मी म्हटलं, "हे शेवटी घेऊ."

मास्तरांनी निरोप पुन्हा लावला. तो तिथे संपत नव्हता. बाबा क्षणभर थांबून पुढे म्हणत होते, "पण एकदा येऊन जा. आता मला वाट बघवत नाही."

"एवढंच घेऊ," मी म्हटलं. "भरून पावलो, इथपर्यंत."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वहीत तेवढंच लिहिलं. थोड्या वेळाने, चहा गाळता गाळता, ते म्हणाले, "रोमचा एक बादशहा आपल्या वैऱ्याला भर सभेत स्वतःच्या हाताने भोसकतो, आणि भोसकताना त्या जुन्या कवीची अर्धी ओळ म्हणतो. तू एका थोराच्या हातून मरतोयस, अशा अर्थाची. मोठी ऐट आहे तिच्यात. पण मूळ कवितेत ते शब्द एका कोवळ्या पोराला मारल्यावर मारणाराच कळवळून बोलतो. ओळीच्या आधी दया आहे. बादशहाने ती घेतली नाही. आणि ज्यांनी ज्यांनी ती कविता वाचली होती, त्या सगळ्यांना ती ऐकू आली असणार."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, मास्तर नेहमीसारखे आपल्या पुस्तकात शिरलेत. म्हणजे, असं मी स्वतःला वाटू दिलं.

तेराव्याच्या दिवशी मी बोललो. शुक्रवारच होता. तिकडे दुपारची जेवणं आटोपली होती. आधी दोन होडीवाले बोलले, एकाला पुढे बोलवेना म्हणून तो बसला. मग चुलतभावाने माझं नाव घेतलं. सुरुवातीला मी एवढंच म्हटलं की आज मी माझे नाही, बाबांचेच शब्द म्हणणार आहे. आणि वहीतली वाक्यं एकामागून एक वाचली. आवाज फारसा कापला नाही. "भरून पावलो" म्हटलं आणि थांबलो. मग आई फोनवर आली. "त्यांनाच ऐकल्यासारखं वाटलं रे," म्हणाली, आणि रडू लागली. बाबांनी शेवटी ज्यांची होडी दुरुस्त केली ते चाचा म्हणाले, "बेटा, तेरे बाप की आवाज सुनाई दी." मास्तर दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, निभावलं.

तासाभराने बहिणीचा फोन आला. ती घराबाहेर, विहिरीपाशी जाऊन बोलत असावी, मागे रहाटाचा आवाज होता.

"दादा, ते वाक्य तू अर्धं का म्हणालास?"

मी विचारलं, कुठलं.

"तुला माहितीय कुठलं. मी बाबांच्या शेजारी बसले होते तेव्हा. मोबाइल मीच धरला होता. पुढचं कुठे गेलं?"

मी म्हटलं, "इतक्या लोकांसमोर..."

"इतक्या लोकांसमोर तुला लाज वाटली. त्यांना नाही वाटली होती, सांगायला. आणि बाबांनी तुला जे पाठवलं तेच तू आम्हाला परत ऐकवलंस. ते आम्हाला पाठ आहे, आम्ही रोज ऐकायचो ते बोलणं. तुला काय वाटलं ते त्यात कुठे होतं? तुझं एक तरी वाक्य होतं का?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर सात महिने ती माझ्याशी बोलली नाही. आईच्या फोनवर मागे तिचा आवाज यायचा, आई म्हणायची, "घे, दादा आहे," आणि ती म्हणायची, "हात ओले आहेत."

तिने जे ओळखलं ते खरं होतं. गणपतीच्या आधी बाबांनी तो निरोप पाठवला तेव्हा माझा इकामा चालू होता. रजाही मिळत होती. कॅम्पमधले चार जण कोकणात जाणार होते, त्यांनी मला विचारलंही होतं. मी गेलो नाही. मोठं काही कारण नव्हतं. प्लॅटफॉर्म बंद ठेवून करायचं शटडाउनचं काम लागणार होतं, सुपरवायझरच्या डोळ्यात भरायचं होतं, आणि वाटलं, मे महिन्यात जाऊ, निवांत. बाबांच्या निरोपाला मी अंगठा पाठवला होता. ते वाक्य पूर्ण म्हटलं असतं तर त्या मांडवातल्या प्रत्येकाला कळलं असतं की बापाने बोलावलं होतं.

मी मास्तरांवर चिडलो. कुणावर तरी चिडायला हवं होतं.

"तुम्हाला कळलं होतं ना? मग तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"मी सांगितलं होतं."

"बादशहाची गोष्ट सांगितलीत! सरळ सांगायचं की असं करू नकोस म्हणून."

मास्तरांनी वही काढली. मग म्हणाले, "हो. सरळ सांगायला हवं होतं. मला तेच कधी जमलेलं नाही." आणि वही माझ्याकडे सरकवली. बाबांच्या त्या वाक्याजवळ त्यांनी पेन्सिलीने काढलेली खूण होती, आणि समासात, अगदी बारीक अक्षरात, वाक्याचा पुढचा भाग लिहून ठेवलेला होता. मला भाषणात वाचायला दिलेला कागद वेगळा, स्वच्छ उतरवलेला होता. त्यात समास नव्हता.

आमच्यात भांडण असं झालं नाही, पण काही दिवस आम्ही एकमेकांना चहा विचारत नव्हतो.

कंपनीने इकामे नवे केले त्याला सात महिने लागले. पहिल्या विमानाने मी घरी गेलो. आवार झाकून ठेवलेलं होतं. आत एक होडी उलटी पालथी पडली होती, तळाच्या दोन फळ्या काढलेल्या, नव्या बसवलेल्या नाहीत. मालकाने ती तशीच राहू दिली होती, न्यायला आला नव्हता. आई बारीक झाली होती. बहीण दुसऱ्या दिवशी आली, माझ्यासाठी घावणे घेऊन, आणि मी खात असताना ओट्यावर बसून राहिली.

मीच विषय काढला. "तू म्हणालीस ते बरोबर होतं," मी म्हटलं. "मी मुद्दाम कापलं."

ती पदराशी चाळा करत होती. "दादा, तुला एक माहीत नाही. तो निरोप त्यांनी तीनदा रेकॉर्ड केला."

"तीनदा?"

"पहिल्यांदा बोलायला लागले आणि रडूच आलं त्यांना. म्हणाले, पूस हे, पोर घाबरेल. दुसऱ्यांदा रागावून बोलले. किती दिवस झाले, घर आहे की नाही तुला, असं. मग म्हणाले, हेही पूस, लागेल त्याला. तिसऱ्यांदा आधी मला म्हणून दाखवलं. 'भरून पावलो' हे आधी म्हणायचं म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही, आणि मग हळूच ये म्हणायचं. मला विचारलं, असं बरं वाटेल का गो?" ती थांबली. "त्यांना पुढचंच सांगायचं होतं. आधीचं तुला बरं वाटावं म्हणून लावलेलं होतं. आणि तू तेच ठेवलंस."

माझ्या हातात घावणा होता. तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. बाबांनी सबंध आयुष्यात माझ्यासाठी इतका विचार करून जुळवलेलं दुसरं वाक्य नसेल. आणि ते मला आलं तेव्हा मी साइटवर जायच्या गडबडीत होतो.

"त्यांना काही उत्तर द्यायला हवं होतंस," ती म्हणाली. रागाने नाही. "दोन दिवस मोबाइल उशाशी घेऊन होते. मग मीच सांगितलं, दादा कामात असेल."

आम्ही दोघं रडलो, पण वेगवेगळे. ती ओट्यावर आणि मी परसात जाऊन. आईने दोघांनाही हाक मारली नाही.

महिनाभर राहून मी परत आलो. इकामा नवा झाला होता आणि घर चालवायचं तर काम हवंच होतं. मास्तरांना मी तीन रेकॉर्डिंगची हकिगत सांगितली. त्यांनी लॅपटॉप बंद केला. लाल-निळे-हिरवे शब्द दिसेनासे झाले.

"मी वीस वर्षं हे शोधतोय की यांनी काय उचललं," ते म्हणाले. "कुठून उचललं. किती शब्द. काय मागे ठेवलं, ते मी कुठेच लिहिलं नाही. आणि ज्याचं उचललं, त्याने ते किती वेळा खोडून लिहिलं असेल..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी नवीन वही घातली. प्रत्येक उसन्या ओळीपुढे मूळ कवितेतला तिच्या आधीचा आणि नंतरचा भाग, जो भाषण करणाऱ्याने घेतला नव्हता तो, मराठीत उतरवून काढायचा. फार सावकाश चालायचं ते काम. कधी मला हाक मारून एखादी जागा वाचून दाखवत. बादशहाच्या विजयाच्या वर्णनात वापरलेले शब्द मूळ कवितेत कुणाच्या तरी पराभवाचे निघत. स्तुतीच्या भाषणात एखादी ओळ यायची ती मुळात शोकाची. "हे ऐकणाऱ्यांना काय वाटत असेल रे?" ते विचारत. "हसत असतील? की घशात काही अडकत असेल?"

दोन भाषणं पूर्ण झाली आणि मास्तरांचं वय साठ झालं. कंपनीने करार पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी आम्ही त्यांची बॅग बांधली. ठिकठिकाणांहून छापून आणलेली पानं टाकून द्यावी लागली, वजन बसत नव्हतं. विमानतळाच्या गाडीत बसताना ते मला म्हणाले, "तुझ्याशी मी त्या दिवशी सरळ बोललो नाही. माफ कर." इतकं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

वसईहून त्यांचे फोन यायचे, पहिल्यांदा दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा. लिखाण चाललंय का विचारलं की म्हणायचे, वाडीत पाणी सोडायचं असतं, पुतण्याची मुलं घरात असतात, बसणं होत नाही. लॅपटॉप पुतण्याच्या मुलीला अभ्यासाला दिला. एकदा म्हणाले, "तिथे होतो तेव्हा वाटायचं, घरी गेलो की लिहीन. इथे आल्यावर वाटतं, ते तिथलंच काम होतं." अलीकडे त्यांचा फोन पुतण्या उचलतो आणि सांगतो, काका झोपलेत. वही कुठे आहे ते मी विचारलेलं नाही. मला लॅटिन येत नाही, ती मिळाली तरी मी तिचं काय करणार?

बहीण आता माझ्याशी बोलते. आईचा रक्तदाब, घराची कौलं, तिच्या मुलीचा दहावीचा अभ्यास. ती अर्जंट काही असलं तर लगेच फोन करते आणि मी पहिल्या रिंगला उचलतो. मे महिन्यात मी घरी जातो आणि गणपतीलाही, जमेल तसं. आवारातली ती पालथी होडी अखेर मालक घेऊन गेला, दुसऱ्या गावच्या सुताराकडून त्याने फळ्या बसवून घेतल्या. हे मला बहिणीनेच सांगितलं, फोनवर, दुसरं काहीतरी सांगता सांगता. मी "बरं" म्हटलं. मग तिने विचारलं की तिकडे ऊन वाढलंय का.

वाढलंय, मी म्हटलं.

बाबांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.